जावेची नागमोडी रेघ

मला हार्ट अटॅक आला तेव्हा मी हसत होते. खोटं वाटेल, पण त्या दिवशी रोवणीला आलेल्या सगळ्या बाया साक्षीला आहेत.

बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पोटरीपर्यंत चिखल, डाव्या हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची जुडी, आणि आम्ही वाकून रोवत रोवत मागे सरकत होतो. धानाच्या रोवणीत बाया मागे सरकतात, त्यामुळे जी मागे पडते ती पुढे उरलेली दिसते. मी तशी उरले. पन्नाशी केव्हाच उलटली होती, पण डोक्यात विशीच चालू होती. माझ्या हाताला कोणाचा हात लागत नाही ही माझी जन्माची मिजास. त्या दिवशी एकाएकी अंगाला दरदरून घाम सुटला, दम लागला, डोळ्यांपुढे बांधी फिरली. बांधीच्या कडेला धुऱ्यावर जाऊन एक उलटी केली. छातीत मात्र काही नाही. टाचणी टोचल्याइतकंसुद्धा नाही.

रांगेतून माझी मोठी जाऊ ओरडली, "काऊन वं, दिवस गेले का तुले?"

बाया चिखलात लोळायच्या राहिल्या. मीही हसले. पोटात पित्त झालं म्हणाले आणि परत जुडी उचलली.

त्यानंतर घराची पायरी चढताना धाप लागू लागली. मोठ्या मुलानं काही दिवस बघितलं आणि गाडीवर बसवून गडचिरोलीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, पुन्हा काढली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मावशी, तुम्हाला अटॅक येऊन गेलाय."

"मले न विचारता?"

"दुखलं नाही छातीत?"

"नाई."

"शुगर आहे का?"

"हाये. गोळी खातो ना. आठवली तं."

त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, बाई फार गंभीर स्वभावाची दिसते.

आता ऐका त्या काळातल्या माझ्या अकलेची गोष्ट. गावात आल्यावर मी तो अटॅक दागिन्यासारखा मिरवला. "आला आन् गेला, मले समजलाबी नाई," असं पाणी भरताना सांगायची, दळण दळताना सांगायची. जणू डास मारला होता. देवानं मला दुखण्यातून सूट दिली, असं मी खरंच समजत होते.

मग दिवाळीनंतर माझ्या त्याच मोठ्या जावेला आला. तिला शुगर नव्हती. रक्तात गोड नाही आणि जिभेवर तर त्याहून नाही. आमच्या दोघींच्या अंगणात कमरेएवढी मातीची भिंत आहे, तिच्या पलीकडे ती सूप घेऊन धान पाखडत होती. एकदम सूप फेकलं आणि बोंबलली, "मेली वं मेली! छातीवर बैल बसला माह्या!" घरामागच्या तलावावरचे बगळे उडाले. जाळी टाकायला गेलेली तिची पोरं अर्ध्या पाण्यातून पळत आली. सगळा मोहल्ला जमला, गाडी आली, आणि ती दवाखान्यात वेळेवर पोचली. सुई लागली, वाचली, पाहुणचार खात घरी आली.

मी बघायला गेले ती टोमणा घेऊनच. "एवढं बोंबलाले काय झालं बाई? मले बी आला होता. मी तं रोवणी पुरी केली."

पुरी केली नव्हती. पण सांगताना माझी बांधी दर वेळी थोडी वाढायची.

थंडीच्या दिवसांत डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना एकाच दिवशी बोलावलं. अटॅक येऊन गेलेल्या लोकांच्या ठोक्यांची चाल त्या बघत होत्या, शुगरवाल्यांची आणि बिनशुगरवाल्यांची. छातीवर चिकट चकत्या, त्यांना वायरी, वायरींच्या टोकाला कमरेला डबी. एक दिवस एक रात्र अंगावर ठेवायची, आंघोळ करायची नाही, बाकी रोजचं काम करायचं. यष्टीत बसलो तर पोरं टकामका बघायला लागली.

"पदर ओढ बाई," मी जावेला म्हटलं, "लोक म्हणतीन दोघी जावा रेडिओ चोरून चालल्या."

"तुह्या रेडिओवर बातम्याच लागन," ती म्हणाली. "सुरू झाल्या का बंदच नाई."

रोजचं काम करा म्हटलं होतं, म्हणून आम्ही ते अगदी प्रामाणिकपणे केलं. दुपारी तिच्या बकरीनं माझा वालाचा वेल खाल्ला आणि आम्ही भिंतीच्या दोन बाजूंनी वायरी सांभाळत भांडलो. चांगलं भांडलो. शेजारच्या बाया हातातलं काम टाकून ऐकायला आल्या.

दुसऱ्या दिवशी डबी परत करायला गेलो. डॉक्टरीणबाई नव्हत्या. सिस्टरनं दोघींच्या ठोक्यांच्या वेगाच्या रेघा कॉम्प्युटरवर दाखवल्या. जावेची रेघ नागमोडी, कुठं चढ कुठं उतार, आणि दुपारच्या जागी तर डोंगर. माझी रेघ कशी, तर भरल्या बांधीतल्या पाण्यासारखी. सपाट. भांडणाच्या जागीही सपाट.

"पुढच्या आठवड्यात मॅडम सांगतील," सिस्टर म्हणाली.

मला कशाला सांगायला हवं? मी स्वतःच पास झाले होते. आठवडाभर मी गावाला सांगत होते की माझं काळीज घड्याळासारखं चालतं आणि जावेचं आरमोरीच्या रस्त्यावरच्या यष्टीसारखं. ती बिचारी पहिल्यांदाच गप्प बसली. अंगणात बसून छातीवर हात ठेवायची. तिला भीती वाटत होती, आणि मला त्या भीतीची गंमत वाटत होती. त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, आज भेटले तर पऱ्ह्यांच्या जुडीनं बडवीन.

आठवड्यानं डॉक्टरीणबाईंनी आधी जावेला सांगितलं, "तुमचं चांगलं आहे. श्वास घेतला की ठोका थोडा लवकर पडतो, सोडला की थोडा उशिरा. चाललं, रागावलं, झोपलं, तसं बदलायलाच हवं. या दुपारी काय करत होता?"

"हिच्यासंग भांडून राह्यली होती."

"आणि मावशी, तुम्ही?"

"मी बी तिच्यासंगच," मी म्हटलं. ऐटीतच.

त्यांनी माझ्या सपाट रेघेवर बोट ठेवलं. म्हणाल्या, शुगरनं काळजाकडे जाणाऱ्या नसा बधिर केल्या आहेत. निरोप पोचत नाही. तुम्ही भांडता, पण काळजाला ते नीट कळत नाही. आणि काळजाला काही झालं तर ते तुम्हाला कळत नाही. म्हणून तेव्हा दुखलं नाही.

"मंग पुढच्या टायमाले?"

"तेव्हाही कदाचित दुखणार नाही. म्हणून दुखण्याची वाट बघायची नाही. एकदम घाम, धाप, मळमळ, गळून जाणं, काहीही झालं तर निघायचं. आणि गोळ्या रोज. आठवल्या तर नाही."

परतताना यष्टीत मी खिडकीकडे बसले होते. बाहेर सागाची वाळलेली पानं रस्त्यावर उडत होती. मी जावेला विचारलं, "बाई, दुखते म्हंजे कसं दुखते?"

तिनं माझ्याकडे बघितलं. टोमणा तिच्या ओठावर आलेला मला दिसला, पण तिनं तो गिळला. "आतून कोणी पिळते," म्हणाली, "जसं ओलं लुगडं पिळते. मंग ते या हातात उतरते. तवा माणूस आपोआपच बोंबलते. ठरवा लागत नाई."

मला तिचा हेवा वाटला. तिच्या सोन्याचा कधी वाटला नाही, तिच्या धाकट्या लेकाच्या नोकरीचा वाटला नाही, पण त्या पिळण्याचा वाटला. तिच्या घरी राखणीला कुत्रं होतं. माझं कुत्रं मुकं.

पुढचे महिने वाईट गेले. आपल्या भागात उन्हाळ्यात घाम कोणाला येत नाही? सरपण आणताना धाप कोणाला लागत नाही? मी प्रत्येक घामाला विचारायची, तू कोणता? चूल पेटवताना थांबायची, बादली अर्धी भरून ठेवून द्यायची. मुलाला दोनदा उगाच गडचिरोलीला पळवलं, दोन्ही वेळा काही निघालं नाही. मग तिसऱ्यांदा सांगायची लाज वाटू लागली, आणि त्या लाजेचीच जास्त भीती वाटू लागली.

हे सगळं जाऊ भिंतीवरून बघत होती. एका सकाळी म्हणाली, "तुले तं समजत नाई. मले समजन. मी रोज सकाळी तुले टोमणा मारीन, तू उलटा मारजो. ज्या दिवशी तुह्या टोमण्यात दम नसन, त्या दिवशी गाडी."

"आन् उगाच गाडी आली तं?"

"तं उगाच येईन. माह्या पोराची हाये, तुह्या पोराची नाई."

तेव्हापासून आमचं रोज सुरू झालं. "उठली का वं म्हातारे?" "तुह्याआधी उठली, तुह्यासाठी लाकडं रचून ठेवली." असलं काहीतरी. सूनबाया कानावर हात ठेवायच्या. मी गोळ्या वेळेवर घेऊ लागले, खरं सांगते, पण जीव निवांत व्हायचा तो त्या पहिल्या टोमण्यानं.

पुढच्या वर्षीची, मोहफुलं पडायच्या दिवसांतली गोष्ट. मी अंगणात चटईवर मोहफुलं वाळत घालत होते. जाऊ भिंतीवरून म्हणाली, "फुलं वेचली का माती वेचली वं?"

मी म्हटलं, "असू दे बाई."

एवढंच. मला काही होत नव्हतं. जरा गळल्यासारखं, जरा मळमळ, मोहाच्या वासानं होतंच. पण जाऊ तिच्या वयाला न शोभणाऱ्या पद्धतीनं भिंत ओलांडून आली, लुगड्याला भिंतीची माती, आणि माझ्या कपाळाला हात लावला. हात ओला झाला.

"मले काई नाई झालं," मी म्हटलं.

"हो, मागच्या टायमालेबी काई झालं नव्हतं तुले," म्हणाली, आणि मग पोराच्या नावानं अशी बोंबलली की बगळे परत उडाले.

दवाखान्यात पट्टी बघून डॉक्टरीणबाईंची धावपळ झाली. सुई, नळ्या, मग चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात. काही दिवसांनी त्यांनी विचारलं, "मावशी, या वेळी तरी दुखलं का?"

"नाई."

"मग आलात कशा?"

मी जावेकडे बोट दाखवलं. "हिले दुखलं."

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. गोळ्या चालू आहेत, भिंत पावसात थोडी खचली आहे. आणि गेल्या वर्षापासून जावेला ऐकू कमी येतं. सकाळी ती टोमणा मारते, तो पूर्वीपेक्षा मोठ्यानं, पण माझं उत्तर तिला पोचत नाही. मधेच भलत्याच गोष्टीवर हसते. मला पुन्हा जुनी धाकधूक लागली आहे.

म्हणून मी भिंतीपाशी एक पाटा उलटा टाकला आहे. सकाळी त्याच्यावर चढते, माझं तोंड तिला नीट दिसेल असं उभं राहते आणि तिला वेडावून दाखवते. ती डोळे बारीक करून बराच वेळ बघते. मग हात हलवते, जा, बरी आहेस. तो हात हलेपर्यंत मी पाट्यावरून उतरत नाही.