नंदूची टोपली, बाबांची टोपली

"बाई, ती एक ओळ तेवढी सुधारून टाकजो... मले जमलं नाई." चंद्रपूरच्या दवाखान्यात माझा धाकटा भाऊ नंदू माझ्याशी शेवटचं बोलला ते एवढंच. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत तो गेला. जाताना माणसं लेकराबाळांचं सांगतात, यानं सांगितली संगणकातली एक चूक! दोन महिने होत आले, ती ओळ अजून तशीच आहे.

नंदू माजरीच्या खाणीत वीजतंत्री होता. आमचं घर वडशाजवळच्या खेड्यात, तलावाच्या पाळीला लागून. बाबांनी सारा जन्म त्या तलावात जाळं फेकलं. मागच्या वर्षी त्यांचा उजवा खांदा निकामी झाला आणि जाळं खुंटीला लागलं. ओसरीत बसून तलावाकडे पाहत राहायचे, धड जेवायचेही नाहीत. तेव्हा नंदूनं संगणकावरचे खेळ लिहायची एक भाषा शिकायला घेतली आणि सुट्टीच्या दिवशी गावी येऊन जुन्या लॅपटॉपवर आमचा तलाव उभा केला. पाळीवरचं मोहाचं झाड, बाबांची छोटी होडी म्हणजे डोंगा, मरळ, कतला असे मासे, सगळं. एक बटण दाबलं की जाळं पडायचं. खेळणारे दोघं, नंदू आणि बाबा. ज्याचं नाव निवडाल त्याची टोपली उघडायची.

मी राजुऱ्याला शाळेत गणित शिकवते, सुट्टीला गावी येते. त्यानं लिहिलेली एक ओळ मी पाहिली, 'मासे = मासे + १', आणि माझं डोकंच फिरलं.

"असं कुठी असते काय रे? दोन्हीकडचे मासे काढ, शून्य बरोबर एक उरते!"

"ते तुह्या शाळेतलं 'बरोबर' नोहे, बाई. हा हुकूम हाय. आधी उजवीकडचं मोजाचं, मंग जे येईन ते डावीकडच्या नावाले द्याचं. जुनं गेलं."

"गेलं म्हणजे? कुठी गेलं?"

"गेलं. भाषेले त्याची याद नसते."

त्यावर मी त्याच्याशी तासभर भांडले होते. मला भांडायला आवडायचं आणि त्याला मी चिडलेली आवडायची. आता ते आठवलं की वर्गात फळ्यासमोर रडू येतं.

एका रविवारी बाबा दुपारी झोपले असताना नंदू खेळत बसला आणि त्यानं बारा मासे पकडले. बाबा उठले, त्यांनी आपली टोपली उघडली आणि ओरडले, "काऊन रे, मी तं निजलो होतो. माह्या टोपलीत हे बारा जास्तीचे कोनं टाकले?"

नंदूचा चेहरा पडला. संध्याकाळपर्यंत शोधल्यावर सापडलं. अगदी सुरुवातीला त्यानं लिहिलं होतं, 'बाबांची टोपली = नंदूची टोपली'. त्याला वाटलं, आपल्यासारखीच आणखी एक रिकामी टोपली बाबांना मिळेल. नुसता आकडा दिला असता तर तसंच झालं असतं, दुसऱ्या नावाला तो आकडा वेगळा मिळाला असता. पण जिच्यात पुष्कळ काही ठेवायचं अशी वस्तू दिली, तर त्या भाषेत नवी टोपली तयार होत नाही. त्याच टोपलीला दुसरं नाव लागतं. मासा कोणीही टाको, दोघांच्या नावावर दिसणार.

"मग दे ना त्याइले नवी रिकामी टोपली. एका ओळीचं काम," मी म्हटलं.

"देईन. पन आतापर्यंतचे कोनाचे किती, हे कसं पाहाचं? एकातच पडले सारे."

इतका काटेकोर प्राणी. बाबांचा एक मासाही इकडचा तिकडे होऊ नये म्हणून तो थांबला, आणि मग वेळच उरला नाही.

तेरावं झालं आणि बाबांनी लॅपटॉप मागितला. तेव्हापासून दुपारचा चहा झाला की ते बसतात. डाव्या हातानं जाळं टाकतात, मग स्वतःची नव्हे, नंदूची टोपली उघडून पाहतात. तिथला आकडा वाढलेला असतो. मला ते बघवेना. वाटलं, पोरगा अजून कुठंतरी मासे धरतोय असं म्हातारा समजून बसलाय. ओळ सुधारावी तर नंदूची टोपली त्या दिवसापासून थांबणार. न सुधारावी तर त्याचा शेवटचा शब्द मोडणार. मी चार वेळा ती ओळ उघडली आणि चार वेळा मिटली.

गेल्या रविवारी मन घट्ट करून बोलले. "बाबा, ते मासे नंदू नाई पकडत. खेळात चूक हाय. त्यानंच मले सुधाराले सांगितलं होतं."

बाबांनी मान वर केली नाही. "मालूम हाय मले. पकडून कोन राह्यलं? मीच ना." त्यांनी जाळं टाकलं. "तो माह्यासंगं डोंग्यात बसे, तवा आमच्या दोघायच्या कवा दोन टोपल्या होत्या, पोरी?"

नंदू, तुझं एवढं एक मी ऐकणार नाही. आता इथं बाबांचा चहा झालाय, आणि त्यांनी तुझ्या टोपलीत नुकतीच एक मरळ टाकली आहे.