पोपटी शाल आणि लाल शाई

ती घटना आठवली की आजही आधी नाकात वास येतो तो डांबरगोळ्यांचा. पोलिसाच्या आठवणींना रक्ताचा नाहीतर दारूचा वास असणार, असा लोकांचा समज असतो. माझ्या नोकरीतल्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या प्रकरणाला मात्र ट्रंकेत जपलेल्या एका शालीचा वास आहे. त्यात कुणी मेलं नाही, कुणाची चोरी झाली नाही. नावंही कुणाची घेणार नाही. त्यातल्या एकाला सगळा देश ओळखतो आणि दुसऱ्याला ओळखणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही.

मी लातूरला नवा फौजदार होतो तेव्हा तो एका छोट्या दैनिकाचा बातमीदार होता. सकाळी ठाण्यात हजेरी चालू असायची आणि हा ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसून आमच्याच पैशांचा चहा प्यायचा. मला बघितलं की ठरलेला प्रश्न, "फौजदार साहेब, काय विशेष?" विशेष काही नाही म्हटलं की त्याची खात्री पटायची, काहीतरी नक्की आहे. मग तो आणखी एक चहा सांगायचा, तोही आमच्याच खात्यावर. त्याची सायकल, त्याच्या गळ्यातला जुना कॅमेरा आणि रॉकेलच्या स्टोव्हवरचा तो गोडमिट्ट चहा, काय दिवस होते! आम्ही दोघंही पंचविशीच्या आतबाहेरचे होतो आणि जग आपल्यावाचून अडलंय असं दोघांनाही मनापासून वाटायचं.

पुढे तो नांदेडला गेला, मग मुंबईला, आणि शेवटी दिल्लीच्या एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकाचा संपादक झाला. माझ्या बदल्या होत राहिल्या, त्याचे वाद होत राहिले. एकदा त्यानं एका मंत्र्याचं फोनवरचं बोलणं छापलं. मंत्र्याची खुर्ची गेली, पाठोपाठ ह्याचीही गेली. वर्षाच्या आत दुसऱ्या मालकानं त्याला जास्त मोठी खुर्ची दिली. देशभरातल्या न्यायालयांत त्याच्यावर अब्रुनुकसानीचे दावे होते. त्याचं एक वाक्य गाजलं होतं, 'मी माफी छापत नाही, पुरावे छापतो.' ते वाचलं की मी ठाण्यात पोरांना सांगायचो, हा आपल्या बाकावर बसून चहा पीत होता बरं का. कुणाचा विश्वास बसायचा नाही.

माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, नांदेडला मी उपअधीक्षक होतो, तेव्हा त्याचा नागरी सत्कार ठरला. भूमिपुत्र म्हणून. नेमका त्याच महिन्यात त्यानं जयंत्यांमधल्या डीजेवर अग्रलेख लिहिला. सगळ्या जातींना एकाच दिवशी नाराज करणारा माणूस मी त्याच्याआधी पाहिला नव्हता. दोन संघटनांनी 'काळं फासू' अशी जाहीर धमकी दिली. आम्ही सभागृहाला कडक बंदोबस्त लावला. पिशव्या तपासल्या, पाण्याच्या बाटल्या बाहेर काढल्या, खिशातली पेनंसुद्धा उघडून बघितली.

पण आपल्याकडच्या सत्काराची एक रीत आहे. मुख्य सत्कार झाला की निवेदक म्हणतो, 'आता विविध संस्थांच्या वतीने...' आणि निम्मं सभागृह व्यासपीठावर चढतं. कोण कुणाच्या वतीनं आलंय, ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. हातात शाल-नारळ असलेल्या माणसाला मराठवाड्यात कुणी अडवत नाही. माझ्या पोरांनीही अडवलं नाही.

त्या गर्दीत कुणीतरी शाल उलगडली. संपादकानं रिवाजाप्रमाणे मान खाली घातली. शाल खांद्यावर पडली आणि पुढच्या क्षणाला त्याचा चष्मा, चेहरा, पांढरा शर्ट लालभडक झाला. "गोळी घातली!" असं कुणीतरी ओरडलं आणि लोक खुर्च्यांवरून उड्या मारू लागले. मी व्यासपीठावर पोचलो तेव्हा तो रुमालानं चष्मा पुसत शांत उभा होता. म्हणाला, "फौजदार साहेब, रक्त न्हाई. शाई हाय." मी उपअधीक्षक झालो तरी त्याच्या लेखी फौजदारच होतो.

तासाभरात खबऱ्याचा फोन आला. "साहेब, हदगावचा एक कार्यकर्ता बसस्टँडवर पेढे वाटून राहिला. म्हणतो, शाई मीच फेकली." आम्ही गाडी पाठवली. पस्तिशीचा तो गडी इस्त्रीचे कपडे आणि गळ्यात हार घालून आला. पोलीस गाडीत बसताना त्याचे फोटो काढायला दोघं सोबत होते. संध्याकाळी टीव्हीवर त्याचा चेहरा झळकला. तेवढ्यात दुसऱ्या संघटनेनंही प्रसिद्धिपत्रक पाठवून जबाबदारी घेतली. गुन्हा नाकारणाऱ्याला बोलतं करायला आम्हाला शिकवलेलं असतं. कबूल करणाऱ्याला गप्प कसं करायचं, हे कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.

त्याला मी चहा पाजला आणि समोर बसवलं.

"शाई कशात आणली होती?"

"बाटलीत, साहेब."

"दारावर तपासली नाही का कुणी?"

"आपलं प्लॅनिंगच तसं व्हतं."

"रंग कोणता होता?"

"काळा. निषेधाला काळीच असती ना साहेब!"

मी त्याच्या हातांकडे बघितलं. तळहात स्वच्छ होते, बाहीवर एक ठिपका नव्हता. त्याला लाल शर्टाचा फोटो दाखवला तेव्हा त्याचा चेहरा पडला. चौकशीत कळलं, त्याची बस वाटेतच बंद पडली होती आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो नांदेडला पोचलाच नव्हता. दुसऱ्या संघटनेच्या पत्रकातही 'काळी शाई'च होती, पत्रक आधीच छापून ठेवलेलं. जाताना तो कार्यकर्ता हात जोडून म्हणाला, "साहेब, दोन दिवस तरी ठेवा आत. लई नाचक्की व्हईल." मी त्याला उरलेल्या पेढ्यांसकट घरी पाठवला.

आता प्रश्न सोपा होता आणि अवघडही. निषेध करणारा काळी शाई आणतो. मग लाल कुणी आणली?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंचनाम्यातल्या वस्तू पुन्हा काढायला लावल्या. सत्काराच्या शालींचा ढीग होता. तुम्ही त्या शाली पाहिल्या असतील, एकाच दुकानातल्या, पातळ, ह्या सत्कारातून त्या सत्कारात फिरणाऱ्या. त्यांच्यात एक निराळी निघाली. जाड लोकरीची, पोपटी रंगाची, घड्यांच्या जागी विरलेली. काठावर लाल डाग होते आणि डांबरगोळ्यांचा वास येत होता. सभागृहाबाहेरच्या हारवाल्याला दाखवली. तो म्हणाला, "ही तर त्या म्हातारीची. पायऱ्यांवर बसली व्हती. हार घ्या म्हणलं तर म्हणली, माझं माझ्यापाशी हाय."

हे ऐकून आमच्याच एका शिपायाचा चेहरा उतरला. गोंधळात त्यानं म्हाताऱ्या बायकांना आधी बाहेर काढलं होतं. त्यातल्या एकीनं विचारलं, जळकोटची गाडी कुठं लागते? बिचाऱ्यानं तिचा हात धरून तिला रिक्षात बसवून दिलं होतं, आणि वर पाण्याची बाटलीही दिली होती.

शाल घेऊन मी विश्रामगृहावर गेलो. संपादक महाशय फोनवर दिल्लीला अग्रलेख सांगत होते, विषय अर्थातच असहिष्णुता. शाल बघितली आणि फोन ठेवून दिला.

"ही शाल मी ओळखतो," तो म्हणाला. "सत्काराला पोपटी शाल कुणी आणतं का, म्हणून मी हसलो होतो."

मग त्यानं सांगितलं. लातूरच्या दिवसांत जळकोटजवळच्या एका खेड्यातल्या गुरुजींना आदर्श शिक्षकाचा मान मिळाला. वस्तीतला पहिला शिकलेला माणूस. लोकांनी वर्गणी काढून शाल आणली. त्या कार्यक्रमाचा फोटो ह्यानंच काढला. फोटोत डावीकडे नारळ देणारा संस्थाचालक होता आणि उजवीकडे शाल पांघरलेले गुरुजी. पुढे पेपरफुटीच्या प्रकरणात त्या संस्थाचालकाला अटक झाली. बातमीला त्याचा फोटो हवा होता. ह्यानं फोनवरून कार्यालयात सांगितलं, सत्काराच्या फोटोतला डावीकडचा माणूस कापून घ्या. डार्करूममध्ये निगेटिव्ह उलटी लागली होती. डावीकडचा उजवीकडे गेला आणि उजवीकडचा डावीकडे आला. सकाळी पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात गुरुजींचा फोटो आणि खाली मथळा, 'पेपर फोडणारा हाच!'

"खुलासा छापला होता की नाही?" मी विचारलं.

"छापला ना. पाचव्या पानावर, निविदांच्या खाली. तीन ओळी, फोटो नाही." तो शालीकडे बघत होता. "आमच्या धंद्यात चूक पहिल्या पानावर होते आणि दुरुस्ती पाचव्या पानावर."

आम्ही दोघं जळकोटकडे निघालो. ज्याला मी तोंड मिटलेला कधी पाहिला नाही, तो वाटभर सोयाबीनच्या वावरांकडे बघत बसला होता. गावात गाडी थांबल्यावर म्हणाला, "तुम्ही आधी जा."

घर स्वच्छ होतं. समोर कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, शेजारी गुरुजींचा फोटो. म्हातारी दारातच बसली होती. माझी वर्दी बघून घाबरली नाही, उलट चिडली.

"लई उशीर केलात साहेब. मी कालधरनं वाट बघून राहिले. टीव्हीवर तो गळ्यात हार घातलेला गडीच दाखवून राहिले. म्हणलं, परत फोटो चुकला की ह्यांचा!"

मी खाली बसलो. मावशी, असं का केलं, एवढंच विचारलं.

"आमचे गुरुजी तीस वर्सं पोरांच्या चुका लाल शाईनं दाखवायचे," ती म्हणाली. "बाटली राहिली व्हती तशीच. सुकली व्हती, पाणी घालून हलवली, शालीच्या घडीत लपवून आणली. म्हणलं, ह्याची चूक तेवढी दाखवायची राहिलीया." मग आवाज खाली आला. "त्या पेपरानंतर जळकोटच्या बाजारात एकजण म्हणला, हाच तो. गुरुजी कायबी बोलले न्हाईत. पर पुन्हा बाजारला गेले न्हाईत. ती शाल परत अंगावर घेतली न्हाई. मरेपर्यंत."

तो दारात येऊन उभा होता. तिनं ओळखलं.

"ये. फोटो काढलास त्या दिवशी माझ्या हातची भाकर खाऊन गेला व्हतास."

त्यानं तिचे पाय धरले. माफी मागितली, मोठ्यानं, माझ्यासमोर. तिनं पाय मागे घेतले.

"माफी मला नगं. मला फोटो पायजे. तितकाच, त्याच जागी."

"तो पेपर आता बंद झाला, आई."

"तुझा हाय की दिल्लीचा."

"तो मराठी नाही."

"फोटोला कुठली भासा लागती?" ती म्हणाली.

मला त्याची अडचण दिसत होती. ज्या माणसानं एकही माफी छापली नाही म्हणून नाव कमावलं, त्यानं एक छापली की सगळ्या दाव्यांतले वकील तो कागद न्यायाधीशापुढे नाचवणार. परतीच्या वाटेवर मी हे बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "फौजदार साहेब, तुम्ही तुमचं कलम बघा." कलम बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. गुन्हा अदखलपात्र, आणि त्यानं जबाबात लिहून दिलं की माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

नंतर तो दिल्लीला गेला. मला वाटलं, विषय संपला. मोठी माणसं गावात रडतात आणि विमानात बसली की विसरतात, हा माझा अनुभव होता.

काही दिवसांनी दिल्लीहून येणाऱ्या गाडीनं त्याचा पेपर आला. पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, शाल पांघरलेले गुरुजी होते. जुनी निगेटिव्ह त्यानं इतकी वर्षं सांभाळली होती, हे मला तेव्हा कळलं. खाली चार ओळी आणि त्याची सही. हा माणूस प्रामाणिक होता, ह्याला मी गुन्हेगार म्हणून छापलं, चूक माझी होती. माझे डोळे भरून आले, ते शिपायांपासून लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

पेपर घेऊन मी स्वतः गेलो. तिला अक्षरं वाचता आली नाहीत. तिनं फोटोवर हात ठेवला आणि वीत पसरून मोजलं, उभं आणि आडवं.

"तेवढाच हाय," ती म्हणाली.

मी उठताना तिनं विचारलं, "शाल कुठं हाय?"

"ठाण्यात आहे मावशी. परत आणून देतो."

"मला नगं. त्यालाच द्या. त्या दिवशी सत्कार अर्धाच राहिला त्याचा."

दिल्लीत व्हायचं ते झालं. विरोधकांनी 'संपादकाची कबुली' म्हणून गजर केला, वकिलांनी कात्रणं जोडली, मालकानं घरची वाट दाखवली. ह्या वेळी दुसरी खुर्ची मिळाली नाही. आता तो लातूरला राहतो. मीही निवृत्तीनंतर तिथंच आहे. सकाळी फिरून आलो की त्याच्या ओट्यावर बसतो. चहा आता त्याच्या पैशांचा असतो, त्याची मात्र मी दर वेळी आठवण करून देतो.

ह्या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. जो धावत येऊन 'मीच केलं' म्हणतो त्याला काहीतरी हवं असतं, आणि ज्याचं खरोखर काही गेलेलं असतं तो आपल्या दारात बसून तुमची वाट बघतो. पोलिसानं आणि पेपरवाल्यानं त्या दारापर्यंत जायला हवं. आम्ही दोघांनी आयुष्यभर गर्दी सांभाळली, हे दार उशिरा सापडलं.

म्हातारी मागच्या वर्षी गेली. अंत्यविधीला आम्ही दोघंही गेलो होतो. थंडीचे दिवस होते आणि त्यानं पोपटी शाल पांघरली होती. काठावरचे लाल डाग अजून तसेच आहेत. ड्रायक्लीनवाला म्हणाला होता, निघतील. ह्यानं त्याला हात लावू दिला नाही.