साडू, मी आणि बाथरूमची कडी

आमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर लोकांची दारं उघडून दिली. कुलपं दुरुस्त करायचं त्यांचं एवढंसं दुकान होतं. किल्ली हरवून रडवेला झालेला माणूस आला की ते आधी त्याला बसवायचे, पाणी द्यायचे आणि मग हत्यारांची पिशवी उचलायचे. दार मोडायचं नाही, हा त्यांचा हट्ट. अशा शांत माणसाला दोन जावई मिळाले आणि दोघंही मारामारीचे शौकीन.

मी जपानवाला. दिवसा चष्म्यांच्या काचा घासतो आणि संध्याकाळी ज्यूदो खेळतो. तपकिरी पट्ट्यावर मी इतकी वर्षं अडकलोय की पट्ट्याचाच रंग उडून तो पुन्हा पांढरा व्हायला लागलाय. माझा साडू लिफ्ट दुरुस्त करतो आणि तो चीनवाला, म्हणजे ताई-ची. जेवायला एकत्र बसलो की आमची जुंपायचीच.

"आमच्याकडे सगळं रीतसर असतं," मी म्हणायचो. "पट्टे, पायऱ्या, शिस्त. आणि पहिल्याच दिवशी पडायला शिकवतात."

"आमच्याकडे पडायचंच नसतं, मग शिकायचं कशाला?" तो भात कालवत म्हणायचा.

त्याच्या गुरुजींनी त्याला कित्येक महिने नुसतं उभं करून ठेवलं होतं, गुडघे जरासे वाकवून, दोन्ही हात पुढे, मोठा ओंडका कवेत घेतल्यासारखे. एवढं तर मी बँकेच्या रांगेतही करतो, असं माझं म्हणणं. सासरे दोघांचं ऐकून घ्यायचे. "एक सरळ जाऊन डोकं आपटतो, दुसरा गोल फिरून आपटतो," ते म्हणायचे. "भिंत तीच."

मग एक दिवस ते बाथरूममध्ये घसरून पडले. दाराला आतून कडी होती आणि घरात कर्ता पुरुष म्हणजे मी. इतक्या वर्षांची विद्या कामी यायची वेळ आली म्हणून मी मागे सरकलो आणि दारावर खांदा घातला. आतून ते ओरडत होते, "पट्टी घ्या! फटीतून पातळ पट्टी सरकवा, कडी वर उचला!" पण घोडामैदान समोर आल्यावर पट्टी कोण शोधतो? दार मोडलं, माझा खांदा सुजला. सासरे फरशीवर पडले होते, अंगावर चिंधी नव्हती. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

पायाचं मोडलेलं हाड जुळलं, पण ते आपण होऊन खुर्चीतून उठेनात. आता चालले नाहीत तर कायमचे बसतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सासूबाई त्यांना धरून अंघोळीला न्यायच्या आणि दार उघडं ठेवून तिथंच उभ्या राहायच्या. मी समोर आलो की ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. मला वाटलं, पडायची धास्ती बसलीय. चष्मेवाला असून मला समोरचं दिसत नव्हतं.

धास्तीवर माझ्याकडे औषध तयारच होतं. रविवारी मी बाहेरच्या खोलीत गादी अंथरली आणि ज्यूदोचा पोशाख चढवला. साडू म्हणाला, "आधी त्यांना उभं राहू द्या हो," आणि भिंतीपाशी जाऊन त्यानं आपला ओंडका कवेत घेतला. मी लक्षच दिलं नाही.

"बाबा, बघा. पडणं ही कला आहे. हनुवटी छातीशी, पाठ गोल आणि हाताची अशी थाप!"

फरशी नुकतीच पुसलेली होती. गादी एकीकडे गेली, मी दुसरीकडे. थाप बसली ती टीपॉयच्या कडेवर आणि विजारीची नाडी तुटली. पडलो तरी नाक वर म्हणतात. माझं नाक सोफ्याखाली होतं आणि विजार गुडघ्यांवर. बायको स्वयंपाकघराच्या दारात थिजून उभी राहिली. साडूनं ओंडकासुद्धा खाली ठेवला नाही.

तेवढ्यात कुणीतरी खदखदून हसलं. सोफ्याखालून मला फक्त पाय दिसत होते. खुर्चीजवळचे दोन पाय हलले, अडखळले आणि माझ्याकडे यायला लागले. त्यांच्या शेजारी दुसरे पाय नव्हते.

"जावईबापू, आधी विजार वर घ्या," सासरे म्हणाले. मग जरा थांबून हळू आवाजात, "फिटलं आता. तुम्ही मला पाहिलंत, मी तुम्हाला."

आणि मग आपण खुर्ची सोडून आलोय हे त्यांच्या ध्यानात आलं. पाय लटपटायला लागले. साडू कधी त्यांच्या पाठीशी येऊन उभा राहिला ते कळलंही नाही. "बाबा, गुडघे सैल सोडा. वजन खाली जाऊ द्या," तो म्हणाला, पण हात लावला नाही. ते उभे राहिले. मी तसाच आडवा पडून रडलो, आणि बायकोला सांगितलं की हात फार दुखतोय.

पुढच्या आठवड्यात त्यांनी हत्यारांची पिशवी मागवली. बाथरूमच्या नव्या दाराला त्यांनी स्टुलावर बसून स्वतः कडी बसवली. साडूनं स्क्रू दिले. मला कशालाही हात लावायची मनाई होती. काम झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं, दाराच्या बाहेरच्या बाजूची खाच दाखवली आणि माझ्या हातावर एक नाणं ठेवलं.

"यात घालून फिरवलं की बाहेरून उघडते. खांदा लावायचा नाही."

मग टॉवेल घेऊन ते एकटेच आत गेले. सासूबाई सवयीनं उठल्या होत्या, त्या अर्ध्या वाटेत थांबल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला.