दुसऱ्यांदा ठेवलेले हात

माझा मावसभाऊ योहान रविवारी चर्चचा पाळक झाला. दीक्षाविधीत तो वेदीपुढे गुडघे टेकून बसला, ज्येष्ठ पाळकांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवले आणि प्रार्थना झाली. मलाही क्षणभर भरून आलं.

तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, कुणाचाच चेहरा नीट आला नाही. परत एकदा हात ठेवता का?"

कुणीतरी त्याला दटावेल असं मला वाटलं. पण साहेब मंडळी लगबगीनं सरसावली. एकानं झगा झटकला, दुसऱ्यानं तिसऱ्याला कोपरानं सारून पुढची जागा पटकावली. योहाननं कॉलर सारखी केली, पुन्हा गुडघे टेकले आणि या खेपेला मान जराशी कॅमेऱ्याकडे वळवली. मग सगळ्यांनी डोळे मिटले. इतके भाविक चेहरे पहिल्या वेळी दिसलेच नव्हते.

देवापुढे वाकताना आपल्याला कुणी पाहू नये असं माणसाला वाटत असेल, अशी माझी भाबडी समजूत होती. इथे देवाकडेच कुणाचं लक्ष नव्हतं.

जेवणाच्या मांडवात मावशीनं लेकाला विचारलं, "दुसऱ्यांदा काय मागितलं रे तुम्ही देवाकडे?"

"काही नाही गं आई, ते फोटोपुरतं होतं," योहान हसत म्हणाला.

मावशी हसली नाही. "मी मात्र दोन्ही वेळा तुझ्यासाठी मागितलं."

पण तोवर कुणीतरी "रेव्हरंड!" अशी हाक मारली होती आणि तो तिकडे वळला होता.