जावयाने उजळलेलं गलबताचं नाणं

कळकट वस्तू दिसली की पॉलिशवाल्याचे हात शिवशिवायचे. दाराच्या मुठी, करंडक, बँडवाल्यांचे कर्णे, त्याच्या दुकानातल्या फिरत्या चाकाखालून गेलं की सारं आरशासारखं होई. बायको म्हणायची, "ह्यांच्या हाती चंद्र दिला तर डागसुद्धा घासून काढतील!"

सासरे निवृत्त ग्रंथपाल. मुलीने परस्पर लग्न ठरवलं तेव्हापासून जावयाशी त्यांचं बोलणं हवापाण्यापुरतंच. त्यांचा जीव जुन्या नाण्यांत. जावयाने नाण्यांच्या ट्रेला हात लावला की "असू द्या, मी ठेवतो," एवढं म्हणत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते मुलीकडे आले, तेव्हा दवाखान्याच्या दारात त्यांनी तो ट्रे जावयाच्या हाती दिला. "सांभाळा."

पॉलिशवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. या विश्वासाचं चीज करायचं, असं त्याने मनाशी ठरवलं. ट्रेमध्ये सासऱ्यांचं सर्वांत लाडकं तांब्याचं नाणं होतं. वर शिडाचं गलबत, पण इतकं काळपट तपकिरी की शीड शोधावं लागे. नव्या डोळ्यांनी बाबांनी हे बघायचं? तो नाणं दुकानात घेऊन गेला आणि चाकावर मऊ कापड चढवून त्याने ते लख्ख केलं.

पट्टी निघाली. घरी येताच सासऱ्यांनी खिडकीपाशी बसून ट्रे मागवला आणि कडेला धरून नाणं उचललं.

"अगं पोरी, डॉक्टरने डोळा केलाय की दिवा लावलाय? माझं गलबत बघ कसं झगमगतंय!"

पॉलिशवाला कौतुकाची वाट बघत ओठांतल्या ओठांत हसत होता. सासरे खुशीत पुढे बोलू लागले.

"जावईबापू, मोतीबिंदूमुळे मळकट दिसायचा तो हा तपकिरी रंग म्हणजे नाण्याची साय. वर्षानुवर्षं हवा खाऊन धरलेली. अडाणी लोक ती घासून काढतात आणि सोन्यासारख्या नाण्याची माती करतात. उद्या आमच्या नाणेसंग्राहक मंडळात नेतो हे. म्हणावं, बघा साय!"

पॉलिशवाल्याचं हसू मावळलं आणि तो आत गेला. स्वयंपाकघरात बायकोने त्याचा चेहरा वाचला.

"अहो, तुम्ही काही केलंत का?"

"केलं."

"मग गप्प बसा. डोळ्यांचा गुण समजताहेत, समजू दे."

"आणि उद्या मंडळात? म्हातारे हसतील त्यांना."

तो बाहेर आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "बाबा, डोळ्यांचा गुण नाही तो. मी घासलं नाणं. चाकावर."

सासऱ्यांनी भिंग काढलं. गलबतावरून सावकाश फिरवलं.

"शिडाचे दोर गेले," ते म्हणाले. आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं.

"रंग परत चढवून देतो. माझ्याकडे रसायन आहे, कुणाला कळणार नाही."

"छान! आधी सोलायचं, मग मुखवटा चढवायचा." सासऱ्यांनी भिंग ठेवलं. "मला न सांगताही निभावलं असतं, नाही?"

"निभावलं असतं."

"मग का सांगितलंत?"

"तुम्हाला कुणी हसलेलं मला चाललं नसतं."

सासऱ्यांनी ट्रेमधून दुसरं नाणं उचललं. कुणीतरी कधीकाळी कागदावर चिकटवलेलं, पाठीवर डिंकाचा थर.

"ह्याला मात्र धुवावंच लागणार. उकळून गार केलेलं पाणी आणा, काचेच्या वाटीत. भिजू द्यायचं. सुटेल तेवढं सुटेल, मग मऊ कापडावर टिपायचं. घासायचं नाही. नखसुद्धा लावायचं नाही."

"मी करू?"

"माझे हात थरथरतात."

पॉलिशवाल्याने कडेला धरून नाणं पाण्यात सोडलं. बोटं लगेच शिवशिवली. त्याने ती मांडीखाली दाबली. सासऱ्यांना हसू आलं.

"कधी सुटेल, बाबा?"

"संध्याकाळ होईल."

"तोवर मी काय करू?"

सासऱ्यांनी शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली. "बसा. बाकीच्या नाण्यांबद्दल सांगतो."