खारबावची थाप

आयुष्यात मी थापा पुष्कळ मारल्या, पण एक थाप अशी आहे की तिची नुसती आठवण झाली तरी आजही अंगात वारं शिरतं. सख्ख्या बापाला मारलेली थाप. तीही भरदुपारी, ओटीवर उभं राहून, शाळेच्या गणवेशात, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधून! बाबांनी ती खरी मानली, मोटरसायकलला किक मारली आणि ते खारबावच्या स्टेशनावर जाऊन बसले. आणि हे सगळं एका कादंबरीपायी.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. आमचं गाव दिघाशीच्या पुढे. मी रोज एसटीने भिवंडीला शाळेत जायची. शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना होता, त्यामुळे आमचं सगळं शिक्षण खटखटाटात झालं. गुरुवारी शेवटच्या तासाला मराठीच्या बाई एक भाषांतरित कादंबरी वाचून दाखवायच्या. त्या खटखटाटाच्या वर जायला त्या इतका आवाज चढवायच्या, की शिफ्ट बदलताना लूम थांबले की बाई एकट्याच ओरडताना ऐकू यायच्या आणि अख्खा वर्ग हसून लोळायचा. पण गोष्टीत शिरलो की आम्ही चिडीचूप. कुठल्याशा दूरदेशी घरातून पळालेला एक मुलगा आणि मालकाला सोडून पळालेला एक गुलाम नदीतून तराफ्यावर चाललेत, मागावर माणसं आहेत, आणि तो पोरगा मनातल्या मनात कुढतोय की मी दुसऱ्याचा गुलाम पळवतोय, म्हणजे ही चोरीच. "अरे कसली चोरी, पळव त्याला!" असं मी एकदा भर वर्गात ओरडले. बाईंनी मला अंगठे धरून उभं केलं आणि पुढचं पान वाचायला घेतलं.

ही गोष्ट घरी येऊन सांगायला माझा हक्काचा श्रोता होता. आमचा गडी.

आमच्याकडे गडी म्हणजे पगारी नोकर नव्हे. पाड्यावरच्या एखाद्या तरुणाचं लग्न ठरलं की खर्चासाठी तो गावातल्या शेतकऱ्याच्या दारात यायचा. शेतकरी लग्न लावून द्यायचा आणि त्याबदल्यात नवराबायको दोघं त्याच्याकडे राबायची. लग्नगडी म्हणायचे त्याला. किती वर्षं राबायचं हे कोणी ठरवत नसे. दोन वेळचं जेवण, दिवाळीला कपडे, बास. फिटलं असं शेतकरी म्हणत नसे आणि फिटलं का असं गडी विचारत नसे. आमच्या गड्याचं लग्न तर आमच्याच अंगणात लागलं होतं आणि त्यात मी करवली असल्यासारखी मिरवले होते. तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. पण मी त्याला खुशाल अरे-तुरे करायची आणि तो मला 'बाय' म्हणायचा.

तो माझा सगळ्यात जवळचा मित्र होता, हे आत्ता सांगताना छाती फुगते. शेताच्या बांधातल्या बिळातून खेकडा कसा ओढायचा ते त्याने मला शिकवलं. एकदा बिळात हात घातल्यावर मला काहीतरी डसलं आणि साप चावला अशी मी बोंब ठोकली, तर हा मला पाठुंगळी घेऊन थेट अंबाडीच्या डॉक्टरपर्यंत पळत गेला. साप कसला, खेकडाच होता! डॉक्टरांनी दोघांनाही झापलं. परत येताना आम्ही रस्त्याच्या कडेला बसून पोट दुखेपर्यंत हसलो, आणि घरी कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं.

तर त्या वर्षी भाताची झोडणी चालू होती. मी शाळेतून यायची, दप्तर फेकायची आणि खळ्यावर जाऊन बसायची. तो पेंढ्या झोडायचा, मी गोष्ट सांगायची. बाईंनी वाचलेली पानं अपुरी पडायची, म्हणून मी पदरचं खूप घालायची. नदी मी आमच्या तानसेवर आणून ठेवली होती. माणसं तराफ्याच्या मागे लागली की तो झोडायचा थांबायचा आणि विचारायचा, "मंग? घावला का?"

एक दिवस त्याने विचारलं, "बाय, त्या मान्साचं लगीन कोनी लावून दिल्यालं?"

"लग्नाचं नाही रे! त्याला विकत घेतलं होतं."

"मानूस? इकत?" उचललेली पेंढी त्याच्या हातात तशीच राहिली. "बिचारा. आपलं बरं हाय बाय. आपल्याला कोन इकत घेत न्हाय."

आणि मीही मान डोलावली! कारण खरंच बरं होतं की. बाबांनी त्याच्या अंगाला कधी बोट लावलं नव्हतं. गावात कोणाचं भांडण झालं तर लोक आमच्या ओटीवर यायचे, बाबा म्हणतील ती पूर्व दिशा. असा मालक मिळायला नशीब लागतं, असं आमच्या घरी येणारा प्रत्येक जण त्याला ऐकवायचा, आणि तो हसून हो म्हणायचा.

मग त्याच्या बायकोला दिवस गेले. पोट चांगलं दिसायला लागलं तरी शेणाची पाटी काही डोक्यावरून उतरली नव्हती. एका सकाळी ओटीवर चार माणसं चहा पीत बसली होती आणि ती समोरून पाटी घेऊन गेली. बाबा हसून म्हणाले, "चला, आमचा पुढचा गडी येतोय." सगळे हसले. मीही हसले. गोठ्याच्या दारात तो उभा होता, तोही हसला.

त्याच संध्याकाळी खळ्यावर त्याने विचारलं, "त्या गोष्टीतल्या मान्साला पोरां व्हती?"

"होती."

"कोनाची?"

"कोणाची म्हणजे? त्याचीच."

"तसं न्हाय, बाय. कोनाची?"

मला कळलं तो काय विचारतोय. "मालकाची," मी म्हटलं.

त्याने पुढची पेंढी उचललीच नाही. इतके दिवस मी ज्याची गोष्ट ज्याला सांगत होते तो माणूस एकच होता, आणि आम्हा दोघांनाही ते त्याच क्षणी कळत होतं. वर्गात 'पळव त्याला' म्हणून ओरडणारी मी आता खळ्यावर सांडलेले दाणे वेचायला लागले.

दोन-तीन दिवसांनी त्याने मला बेत सांगितला. मेव्हणा गणेशपुरीच्या बाजूला पाड्यावर राहायचा. तिकडे काही तरुण मंडळी फिरत होती, वेठीला राहू नका म्हणून सांगत होती. पोर व्हायच्या आत बायकोला घेऊन तिकडे जायचं. "कोनाला बोलू नको, बाय."

मी कशाला बोलते! मी तर हवेत होते. लगेच सल्लेही सुरू केले. पळायचं तर रात्री पळायचं, गोष्टीत तसंच करतात, असं मी ठणकावून सांगितलं.

"रातचं जनावर असतंय पायाखाली," तो शांतपणे म्हणाला. "आमी दुपारीच जानार. जेवले का सगले झोपतात."

शनिवारी सकाळची शाळा असायची. एसटीतून उतरले तर रस्त्यापलीकडे बांधावरून दोघं चालली होती. तिच्या डोक्यावर लाकडाची मोळी, त्याच्या खांद्यावर कोयता. बघणाऱ्याला वाटावं, सरपण घेऊन चाललीत. त्या मोळीच्या आत त्यांचे कपडे होते हे फक्त मला ठाऊक! त्याने माझ्याकडे पाहिलं, हात केला नाही. माझं काळीज असं उडत होतं की मला वाटलं कंडक्टरलाही ऐकू जाईल.

घरी आले, हातपायसुद्धा धुतले नव्हते, तोच ओरडा झाला. बैल पाण्यावाचून दावणीला, झोपडीत चूल थंड, दोघांचा पत्ता नाही. बाबा झोपेतून उठून आले. शेजारचे दोघे काठ्या घेऊनच आले. आणि बाबा माझ्याकडे वळले. "तू त्याच्याशी दिवसभर बोलत असतेस. तुला ठाऊक असणार. कुठे गेला?"

काय सांगू त्या क्षणाचं! बाबा रागावले नव्हते, तेच तर कठीण होतं. माझ्यावर विश्वास ठेवून विचारत होते. खाल्ल्या मिठाला जागावं, हे मला त्यांनीच शिकवलेलं. त्याचं लग्न आम्ही लावलं, मांडव आमचा, जेवणावळ आमची, आणि तो न सांगता गेला. आता मी गप्प बसणं म्हणजे स्वतःच्या घराला फितूर होणं. देव, शाळा, आई, सगळे जण माझ्या डोक्यात एकाच सुरात सांगत होते, खरं बोल. चांगली मुलगी खरंच बोलली असती. पण मला ती मोळीखाली वाकलेली बाई दिसत होती, आणि तिचं पोर कोणाचं, या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर ऐकू येत होतं. म्हटलं, नाही व्हायचं आपल्याला चांगली मुलगी. गेलं खड्ड्यात.

"खारबावला," मी म्हणाले.

बाबांच्या कपाळाला आठी पडली. थापेला तपशील लागतो हे मला गोष्टी सांगून सांगून चांगलं कळलं होतं. "गाडी पकडून वसईला जाणार म्हणत होता. मिठागरावर कामाला."

काय सुचलं होतं! गणेशपुरी एकीकडे आणि खारबाव बरोब्बर उलट दिशेला. बाबा एकाला मागे बसवून भरधाव निघाले. धूळ खाली बसेपर्यंत मी ओटीवरच उभी होते. आतून मात्र नाचावंसं वाटत होतं. देवाला म्हटलं, मला गणितात नापास कर हवं तर, पण त्यांना पोचू दे. आईने मला आत बोलावलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि न विचारता ताटात भाकरी वाढली.

बाबा दिवेलागणीला परतले. त्या स्टेशनावर येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्यांनी तपासली होती. मोटरसायकल लावली आणि ते स्वतःच बैलांना वैरण घालायला गेले.

काही आठवड्यांनी तहसीलदार कचेरीतून बोलावणं आलं. त्या तरुण मंडळींनी गड्याच्या वतीने अर्ज केला होता. बाबांनी परीटघडीचे कपडे घातले, जाताना मला म्हणाले, शाळा सुटली की कचेरीत ये, एकत्र घरी जाऊ. नेमका गुरुवार! बाई शेवटचं प्रकरण वाचणार होत्या. आणि मी तो तास बुडवला, आहात कुठे! रिक्षा, हातगाड्या, तागे वाहणारे हमाल, सगळ्यांना चुकवत धावत कचेरीत पोचले.

तो बाकावर नव्हता, खाली भिंतीला टेकून बसला होता. शेजारी ती, आणि तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं पोर! मला पाहून त्याचे सगळे दात दिसले.

सगळ्यांना आत बोलावल्यावर साहेबांसमोर बाबा गोड आवाजात सांगत होते, "साहेब, गडी कसला? घरातलाच आहे तो. हवं तर माझ्या मुलीला विचारा."

साहेबांनी मला विचारलं, "हा तुझा कोण?"

"मित्र," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना पहिल्यांदाच दिसत होते.

"आणि तुमच्याकडे काय करतो?"

"सगळं," मी म्हणाले. "लग्न लावून दिलं तेव्हापासून. ती पण."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग ते गड्याकडे वळून सावकाश, त्याला कळेल असं बोलले. लग्नापायी माणूस बांधून ठेवणं कायद्याने बंद आहे. आजपासून नव्हे, तुझं लग्न लागलं त्याच्या आधीपासून. तू कोणाचं काही देणं लागत नाहीस. या घरात आलास त्या दिवशीसुद्धा तू मोकळाच होतास.

त्याने साहेबांना ते पुन्हा सांगायला लावलं. मी आनंदाने उड्या मारायच्या बेतात होते, पण बाबांना धक्का बसला असेल म्हणून आधी त्यांच्याकडे पाहिलं. धक्का बिक्का काही बसला नव्हता. अख्ख्या गावात पेपर फक्त आमच्याकडे यायचा, आणि तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे बाबा एकटेच होते.

बाहेर पायऱ्यांवर आलो. पोर रडत होतं, ती त्याला थोपटत होती. तो आधी हसला, मग त्याचं हसू थांबलं.

"मंग मी पलालो कशाला गं, बाय?" तो म्हणाला. "ही आठ महिन्यांची अवघडलेली. बांधाबांधानं, काट्याकुट्यांतनं, मोली डोक्यावर घिवून. रस्त्यानं चालत न्हाय का गेलो असतो?"

याचं उत्तर ज्यांना येत होतं ते बाबा घाईघाईने पायऱ्या उतरून स्टँडकडे निघाले होते.