चिमूटभर दाण्याचं कूट

माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. हे वाक्य मी गेल्या चार वर्षांत इतक्या लोकांना सांगितलं आहे, आणि एकानेही ते पहिल्या फटक्यात ऐकून घेतलेलं नाही. "चालत नाही म्हणजे आवडत नाही का?" हा पहिला प्रश्न. "मग भाजीत काय घालता?" हा दुसरा. जणू काही दाण्याच्या कुटाशिवाय वांगं शिजतच नाही.

ती दीड वर्षाची असताना चिक्कीचा तुकडा चाटला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, श्वासाला शिट्टी लागली. वाचली. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, इंजेक्शन आणि सिरिंज एका डबीत घालून बरोबर दिली, मांडीत कसं टोचायचं ते माझ्याकडून चारदा करून घेतलं. तेव्हापासून ती डबी माझ्या पर्समध्ये असते. आमच्या लोणखेड्यात त्या डबीची जेवढी थट्टा झाली तेवढी गावातल्या एकाही बेवड्याची झाली नसेल.

किराणा दुकानदार तांदूळ आणि दाणे एकाच मापाने काढतो. वेगळं माप मागितलं तर हसतो. बालवाडीतल्या बाई म्हणतात, "ताई, बाकीची सगळी मुलं खातात की." बाकीच्या मुलांचा आणि माझ्या मुलीच्या घशाचा काय संबंध, हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नसावं. एकादशीला तर आमच्याकडे दाण्याचाच उत्सव असतो. त्या दिवशी मी मुलीला घेऊन कोणाच्याही घरी जात नाही. मग "शहाणी समजते स्वतःला" हेही ऐकते.

या सगळ्यांवर कडी केली नवऱ्याच्या आत्याने. फुई म्हणतात त्यांना. मागच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, त्या माहेरी, म्हणजे आमच्याकडे, आल्या. आल्याबरोबर निकाल दिला, "आमना येळले असा रोग नव्हता. तुम्हीच पोरले नाजूक करी टाकं."

दुपारी मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात पुरणाच्या पोळ्या करत होतो. नवरा सुट्टी म्हणून आत लोळला होता. फुई दाराबाहेरच्या ओट्यावर बसल्या होत्या. "आण इकडे पोरले, मी देखस," म्हणाल्या. मला नको होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला मांडीवर नात देत नाही कसं म्हणायचं? मी दिली. भिडेखातर माणूस काय काय करतो, त्यातलं हे सर्वांत मूर्खपणाचं.

थोड्या वेळाने बाहेरून विजयी आवाज आला. "या, देखा! गूळमा चिमूटभर कूट दिधं मी. खादं ना तिनी? काय व्हयनं?"

मी हातातली पोळी टाकून धावले. काही झालं नव्हतं, एवढ्यापुरतं फुईंचं खरं होतं. मुलगी गूळ चोखत होती. मी बोट घालून तोंड साफ केलं, चूळ भरायला लावली. फुई हसत होत्या. तेवढ्यात मुलीने कान खाजवले, मग मान. मग खालचा ओठ फुगला. "आई, घसा..." म्हणाली आणि खोकायला लागली.

मी पर्समधून डबी काढली. फुई ओरडल्या, "सुई नको टोचू! डाक्टर शे का तू?" नवरा दारात येऊन उभा राहिला होता. कॉलेजात शंभर मुलांना रसायनशास्त्र शिकवणारा हा माणूस एकदा फुईंकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. सासूबाई मात्र पिठाच्या हातांनी आल्या, खाली बसल्या, नातीचे पाय घट्ट धरले आणि मला म्हणाल्या, "टोच."

मी टोचलं. तिला उचललं आणि रिक्षा गाठली. शहाद्याचा दवाखाना जवळ आहे म्हणून, नाहीतर पुढचं सांगायला मी बसलेच नसते. रिक्षातच तिचा श्वास मोकळा होऊ लागला. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवून घेतलं.

घरी आलो तर फुई मीठ-मोहऱ्या घेऊन उभ्या. "नजर लागनी पोरले," म्हणाल्या. कुटाचं नाव नाही. सासूबाईंनी त्यांच्या हातातली मोहरी काढून घेतली आणि एवढंच म्हणाल्या, "नजर नई, तुन्हा हात लागना." नणंद-भावजयीच्या चाळीस वर्षांत त्या असं पहिल्यांदा बोलल्या असाव्यात. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपासासाठी वेगळ्या डब्यात ठेवलेले घरातले सगळे दाणे शेजारी देऊन टाकले. नवऱ्याने आठवडाभराने इंजेक्शन शिकून घेतलं, उशीवर.

फुई आता त्यांच्या गावी सांगतात की सुनेने चांगल्या पोरीला सुई टोचून आजारी पाडलं. ऐकणारे मान डोलावतात.

मुलगी साडेपाच वर्षांची झाली. कोणी काही हातावर ठेवलं की विचारते, "यामा दाणा शे का?" समोरचा नाही म्हणाला तरी खात नाही, माझ्याकडे घेऊन येते. परवा एका पाहुण्यांनी मला सल्ला दिला, पोरीला मोठ्यांवर विश्वास ठेवायला शिकवा. मी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.